घरातील ढेकूण, झुरळे, वाळवी आणि उंदीर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कीड झाली की आपला पहिला हात औषधाच्या डब्याकडे जातो आणि बहुतेक वेळा तिथेच कामाचा विचका होतो. डोळ्यांना दिसते ती कीड थोडी असते. मूळ वस्ती फटीत, भिंतीत, जमिनीखाली किंवा शेजारच्या घरात असते. ती कुठे आहे हे कळल्याशिवाय केलेल्या फवारणीचा खर्च वाया जातो आणि विष मात्र घरातच राहते. पुढील प्रश्न शहरांतील फ्लॅट, चाळी आणि गावाकडची जुनी घरे डोळ्यांसमोर ठेवून घेतले आहेत.

घरात ढेकूण झाले म्हणजे घर अस्वच्छ आहे, असे समजावे का?

नाही. ढेकणाला पंख नसतात. तो माणसाच्या सामानाबरोबर प्रवास करतो: लांब पल्ल्याच्या बसमधून, वसतिगृहाच्या खोलीतून, लॉजमधल्या गादीवरून किंवा जुन्या बाजारातून आणलेल्या दिवाणातून तो घरात येतो. त्याचे अन्न केवळ रक्त असल्यामुळे खरकट्याशी त्याचा काही संबंध नाही. पसाऱ्यामुळे त्याला लपायला जास्त जागा मिळते, एवढेच. हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण लाजेपोटी लोक महिनोन्‌महिने शेजाऱ्यांशी या विषयावर बोलत नाहीत आणि तेवढ्या काळात भिंतीपलीकडच्या घरातही ढेकूण होतात. झुरळे आणि उंदीर यांच्या बाबतीत मात्र ओट्यावरचे खरकटे आणि उघडा कचऱ्याचा डबा यांचा मोठा वाटा असतो.

सकाळी अंगावर लाल गांधी उठलेल्या दिसतात. ते ढेकूणच आहेत हे कसे ओळखावे?

केवळ चावल्याच्या खुणांवरून ओळखू नये. एकाच पलंगावर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाच्या अंगावर गांधी उठतात आणि दुसऱ्याला काहीच होत नाही, असे नेहमी घडते. शिवाय डासाच्या चाव्याची खूणही तशीच दिसू शकते. पुरावा अंगावर नव्हे, पलंगावर शोधावा.

बॅटरी घेऊन गादीची शिवण बोटाने उलगडत जावे. शिवणीच्या दुमडीत पेनाच्या टोकाने टिंबे दिल्यासारखे काळे डाग दिसतात. ओले फडके फिरवले की ते तपकिरी होऊन पसरतात, कारण ते पचलेल्या रक्ताचे असतात. त्यांच्याच आसपास पिवळसर, पोकळ कात आणि सुमारे १ मिलिमीटर लांबीची, तांदळाच्या कणीसारखी पांढरी अंडी चिकटलेली असतात. पूर्ण वाढलेला ढेकूण ४ ते ५ मिलिमीटरचा, म्हणजे सफरचंदाच्या बीएवढा आणि तितकाच चपटा असतो. गादीनंतर पलंगाच्या फळ्यांचे सांधे, स्क्रूची भोके, डोक्याकडच्या फळीची मागची बाजू, पलंगाजवळचे विजेचे बोर्ड आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची मागची बाजू पाहावी.

गाद्यांना ऊन दाखवले की ढेकूण जातात का?

काही जातात, सगळे जात नाहीत. तापमान ५० अंश सेल्सिअसच्या वर गेले की ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही लवकर मरतात. ४५ अंशांवर मात्र अंड्यांना काही तास लागतात. चादरी, अभ्रे, पातळ गोधड्या यांना कडक ऊन पुरते. जाड गादीचा वरचा थर तापला तरी आतला कापूस आणि खालची बाजू तुलनेने गार राहते आणि ढेकूण त्या बाजूला सरकतात. गादी दिवसभरात तीनचार वेळा उलटली तरच उपयोग होतो. कोकणातल्या दमट, ढगाळ हवेत एवढ्यावर विसंबून राहता येणार नाही.

चाळीत पूर्वी लोखंडी खाटा बाहेर काढून सांध्यांवर उकळते पाणी ओतत असत. तो उपाय शास्त्राला धरून होता, कारण उष्णता थेट फटीत पोहोचत असे. लाकडी आणि प्लायच्या पलंगाला वाफ द्यावी आणि वाफेची तोटी सांध्यावरून अगदी सावकाश फिरवावी. कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुणे हाही खात्रीचा उपाय आहे. रॉकेल किंवा पेट्रोल शिंपडण्याचा विचारही करू नये. त्याने घराला आग लागू शकते.

फवारणी करून घेतली, तरी पंधरा दिवसांत ढेकूण पुन्हा दिसू लागले. फसवणूक झाली का?

फसवणूकच झाली असे म्हणता येणार नाही. बहुतेक फवाऱ्यांचा अंड्यांवर फारसा परिणाम होत नाही आणि अंडी साधारण ६ ते १० दिवसांत फुटतात. म्हणून १० ते १४ दिवसांनी दुसरी फवारणी हा कामाचाच भाग आहे. ती न ठरवता एकाच भेटीत काम संपल्याचे कोणी सांगत असेल, तर ते मान्य करू नये. दुसरे कारण प्रतिकारशक्तीचे आहे. डीडीटी हे कीटकनाशक दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी वापरले गेले आणि काही वर्षांतच त्याला दाद न देणारे ढेकूण निपजले. आज तीच गत पायरेथ्रॉइड गटातील औषधांची झाली आहे. एकाच गटातील औषध अधिक तीव्र करून मारण्यापेक्षा गट बदलावा आणि त्याला उष्णतेची जोड द्यावी.

तिसरे कारण घरातल्या माणसांचे असते. आमच्या घरी ढेकूण झाले, तेव्हा चावे चुकवण्यासाठी आम्ही बेडरूम बंद करून हॉलमध्ये झोपायला लागलो. रक्त मिळेनासे झाले म्हणून ढेकूण मरतील, असा आमचा हिशेब होता. प्रत्यक्षात ढेकूण अन्नावाचून कित्येक महिने जगू शकतो आणि माणसाच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड व अंगाची ऊब यांचा माग काढत येतो. अंथरुणांबरोबर काही ढेकूण आम्हीच हॉलमध्ये नेले होते. तीन आठवड्यांनी सोफ्याच्या शिवणीत तसेच काळे ठिपके सापडले आणि एका खोलीचे काम दोन खोल्यांचे झाले. झोपण्याची जागा बदलू नये. उलट पलंग भिंतीपासून वीतभर दूर ओढावा, चादर जमिनीला टेकू देऊ नये आणि पायांखाली गुळगुळीत, खोलगट वाट्या ठेवाव्यात. गुळगुळीत कडेवरून ढेकणाला सहसा चढता येत नाही.

ढेकणांमुळे रोग पसरतात का?

ढेकूण चावल्याने माणसांत रोग पसरतो, असे दिसून आलेले नाही. खाज, खाजवून होणाऱ्या जखमा आणि झोपमोड हा त्रास मात्र खरा आहे, विशेषतः तान्ह्या मुलांना आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना.

स्वयंपाकघरात लहान तपकिरी झुरळे आहेत आणि न्हाणीघरात कधीतरी मोठे झुरळ दिसते. दोन्हींचा उपाय एकच आहे का?

नाही, या दोन वेगळ्या जाती आहेत. मोठे, तांबूस, साडेतीन-चार सेंटिमीटरचे झुरळ मुख्यतः गटारात आणि ड्रेनेजच्या चेंबरमध्ये राहते. ते घरात वस्ती करून असतेच असे नाही. मोरीच्या जाळीतून किंवा डक्टमधून आत येते. त्याच्यासाठी नहाणीची जाळी बारीक करावी, सिंकच्या पाइपाभोवतीचे भोक पांढऱ्या सिमेंटने बुजवावे आणि सोसायटीने चेंबरमध्ये फवारणी करावी.

लहान झुरळ, ज्याच्या मानेवर दोन काळ्या उभ्या पट्ट्या असतात, ते जर्मन झुरळ. जीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनिअस या शास्त्रज्ञाने १७६७ साली त्याला हे नाव दिले खरे, पण २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात आशियाई झुरळापासून निपजले आणि मग माणसाच्या मालाबरोबर जगभर गेले. हे झुरळ माणसाच्या घरावाचून जगत नाही. मादी ३० ते ४० अंडी असलेली कुपी जवळजवळ फुटेपर्यंत शरीराला चिकटवून फिरते आणि अनुकूल हवेत दोन-तीन महिन्यांत नवी पिढी तयार होते. त्यामुळे दिसेल त्यावर स्प्रे मारण्याने दहा-बारा मेल्याचे समाधान मिळते, संख्या मात्र हटत नाही.

यावर जेल, म्हणजे झुरळांना खायला ठेवायचे विषारी आमिष, हा सर्वांत चांगला उपाय आहे, असे अनुभवाने सांगतो. मसुराच्या दाण्याएवढे ठिपके ट्रॉलीच्या बिजागऱ्यांमागे, सिंकखालच्या कोपऱ्यांत, फ्रिजच्या मोटरजवळ, गॅसच्या ओट्याखालच्या फटीत आणि मिक्सर ठेवतो त्या कप्प्याच्या मागच्या कडेला द्यावेत. एका जागी मोठा गोळा देण्यापेक्षा अनेक जागी बारीक ठिपके द्यावेत. जेल खाल्लेले झुरळ लगेच मरत नाही. ते फटीत परत जाते, तिथे मरते आणि त्याची विष्ठा व शरीर खाऊन पिल्लेही मरतात. म्हणूनच जेल लावल्यावर त्याच जागी स्प्रे मारू नये आणि फिनेलने पुसू नये. वास आला की झुरळे जेलकडे फिरकत नाहीत. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला नाही, तर वेगळ्या घटकाचे जेल आणावे. अमेरिकेत गोड जेलमुळे अशी झुरळे उरली की ज्यांना ग्लुकोजची चवच नकोशी झाली होती. हे नीट नोंदवलेले उदाहरण आहे.

झुरळांच्या विष्ठेतील आणि कातीतील घटकांमुळे दम्याचा त्रास वाढतो. घरात दमेकरी मूल असेल, तर झुरळांकडे दुर्लक्ष करू नये आणि उपाय म्हणून धूर किंवा फवाराही वापरू नये, जेल लावावे.

दाराच्या चौकटीवर मातीची रेघ दिसते. ती पुसून टाकली तर चालेल का?

पुसण्याआधी नीट पाहावी. जमिनीतल्या वाळवीचे अंग मऊ असते आणि ते उघड्या हवेत लवकर सुकते, म्हणून ती मातीची बंद नळी बांधून जमिनीपासून लाकडापर्यंत जाते. नळीचा बोटभर तुकडा मधोमध फोडावा आणि दोन-तीन दिवसांनी पाहावे. नळी पुन्हा जोडली गेली असेल, तर वाळवी चालू आहे. नुसती रेघ पुसल्याने भिंत स्वच्छ दिसते. वारूळ जमिनीत तसेच असते.

गावाकडच्या आमच्या घरात माजघराच्या चौकटीला दरवर्षी तेलरंग दिला जात असे आणि ती वरून अगदी धडधाकट दिसत होती. एके दिवशी तिच्यावर बोटाची पेरे वाजवली, तर रिकाम्या खोक्यासारखा आवाज आला. चुका टोचला, तो रंगाचा पापुद्रा फोडून पुरा आत गेला. वाळवीने लाकडाचा गाभा खाऊन बाहेर केवळ रंगाची साल ठेवली होती. तेव्हापासून मी कुणाच्याही जुन्या घरात गेलो की चौकट वाजवून पाहतो. माळ्यावरच्या पुस्तकांच्या ट्रंकेचीही तीच गत झाली होती: वरची दोन पुस्तके शाबूत आणि खाली माती व कागदाचा लगदा.

लाकडातून पिठासारखी बारीक भुकटी गळत असेल आणि पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके दिसत असतील, तर ती वाळवी नसून लाकूड पोखरणारे भुंगेरे असतात. बांबूच्या आणि स्वस्त लाकडाच्या सामानात हे जास्त आढळते. त्यासाठी जमिनीत औषध सोडण्याचा काही उपयोग नाही.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखांचे किडे येतात आणि सकाळी पंखांचा खच पडलेला असतो. ही धोक्याची खूण आहे का?

पावसाच्या सुरुवातीला बाहेरच्या वारुळांतून पंखवाली वाळवी उडते आणि दिव्याकडे येते. तेवढ्यावरून घराला वाळवी लागली असे होत नाही. तासभर दिवे मालवावेत आणि खिडक्या लावून घ्याव्यात. परंतु किडे बाहेरून न येता घरातल्याच चौकटीतून किंवा फरशीच्या सांध्यातून निघताना दिसले, तर वस्ती घराखाली आहे आणि तपासणी लगेच करून घ्यावी.

वाळवीसाठी फरशीला भोके पाडतात, ते आवश्यक असते का?

जमिनीतल्या वाळवीसाठी होय. भारतीय मानक आयएस ६३१३ च्या तिसऱ्या भागात बांधून झालेल्या इमारतींसाठी ही पद्धत दिली आहे. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे सुमारे ३० सेंटिमीटर अंतराने १२ मिलिमीटर व्यासाची भोके पाडून औषधी द्रावण खालच्या मातीत मुरवतात आणि भोके बुजवतात. त्यामुळे घराखाली औषधी मातीचा अखंड पट्टा तयार होतो. मधली दोन-चार भोके कपाट हलवायचे नाही म्हणून सोडली, तर तेवढ्याच वाटेने वाळवी वर येते. सामान हलवण्याचा कंटाळा करू नये. इमिडाक्लोप्रिड किंवा क्लोरपायरिफॉस ही यासाठी वापरली जाणारी औषधे आहेत. विहीर किंवा पाण्याची जमिनीखालची टाकी जवळ असेल, तर ते काम करणाऱ्याला आधीच दाखवावे. ओल हे वाळवीचे मोठे आमंत्रण असते. गळका पाइप तसाच ठेवून केलेले काम फार काळ टिकत नाही.

उंदरांसाठी औषध ठेवावे की पिंजरा लावावा?

घरात पिंजरा किंवा झटक्याचा सापळा लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. औषध खाल्लेला उंदीर पोटमाळ्यावर किंवा फॉल्स सीलिंगमध्ये जाऊन मरतो आणि त्याची दुर्गंधी आठवडाभर जात नाही. ब्रोमाडिओलोनसारख्या औषधाने रक्त गोठेनासे होऊन उंदीर काही दिवसांनी मरतो. तो उंदीर खाणारे मांजर किंवा घुबडही त्या विषाला बळी पडू शकते. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नये. ती पोटात गेलेला माणूस पहिले एकदोन दिवस ठीक वाटतो आणि नंतर त्याचे यकृत निकामी होते. लहान मुले या पेस्टला भुलतात.

खरे काम भोके बुजवण्याचे आहे. लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतूनही आत शिरतो. भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लावावे, कारण नुसते सिमेंट ओले असताना तो कुरतडतो. एसीच्या पाइपाचे भोक बहुतेक घरांत उघडे राहिलेले असते. लेंड्या सुक्या झाडूने झाडू नयेत. जंतुनाशकाने ओल्या करून हातमोजे घालून उचलाव्यात. उंदरांच्या मुत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या आजाराने अनेक बळी घेतले.

धान्यात ठेवायच्या गोळ्या घरात उंदीर किंवा ढेकणांसाठी वापराव्यात का?

कदापि वापरू नयेत. या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतील ओलाव्याशी संयोग झाला की त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम फॉस्फिन निघतो आणि त्यावर उतारा नाही. हा वायू दाराच्या फटीतून, डक्टमधून, सामाईक भिंतीच्या भेगांतून शेजारच्या घरात जातो आणि झोपेत असलेल्या माणसांना कळतही नाही. गोळ्या ठेवून घर बंद करून गावी गेलेल्या कुटुंबाला काही होत नाही आणि पलीकडच्या घरातली मुले दगावतात, अशा घटना आपल्या देशात घडल्या आहेत. कायद्याने या गोळ्यांचा वापर शासकीय यंत्रणा आणि प्रशिक्षित परवानाधारक यांच्यापुरता मर्यादित असताना त्या किराणा दुकानात सुट्या मिळाव्यात, ही संतापजनक गोष्ट आहे. शेजारी अशा गोळ्या ठेवल्याचे कळले किंवा लसूण अथवा सडक्या मासळीसारखा वास आला, तर घरातील सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे, दारे-खिडक्या उघड्या टाकाव्यात, ११२ वर कळवावे आणि गोळ्यांवर पाणी मुळीच टाकू नये.

वर्षाचे धान्य भरताना ते मे महिन्यात कडकडीत वाळवून, गार करून, घट्ट झाकणाच्या कोठीत भरावे. ओलावा राहिला नाही, तर सोंडे आणि टोके फार वाढत नाहीत. डाळींना बोरिक पावडर चोळण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण ती अन्नात वापरण्यास परवानगी नाही.

कपड्यांत डांबरगोळ्या ठेवलेल्या चालतात का?

घरात तान्हे मूल असेल, तर नको. नॅप्थालीनच्या गोळ्यांत ठेवलेले कपडे किंवा दुपटी धुवून उन्हात टाकल्याशिवाय वापरली, तर जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. अशी कमतरता आहे हे पुष्कळदा आधी माहीतच नसते.

चुकून औषध पोटात गेले तर काय करावे?

उलटी करवू नये. मीठपाणी, दूध, तेल काहीही पाजू नये. औषधाचा डबा किंवा वेष्टन बरोबर घेऊन रुग्णालयात जावे, कारण डॉक्टरांना त्यातील घटकाचे नाव लागते. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्रासाठी १८०० ११६ ११७ हे क्रमांक आहेत. अंगावर औषध सांडले असेल, तर कपडे काढून साबण आणि भरपूर पाण्याने धुवावे.

पेस्ट कंट्रोलवाल्यांना काय विचारावे?

कीटकनाशक कायदा १९६८ आणि त्याखालील १९७१ च्या नियमांनुसार हे काम करण्यासाठी परवाना लागतो. तो पाहण्यास मागावा. औषध सीलबंद डब्यातून आपल्यासमोर मिसळायला सांगावे आणि डब्याचा फोटो काढून ठेवावा. डब्यावरील चौकोनाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल सर्वांत घातक, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. बिनलेबल बाटलीतले औषध घरात फवारू देऊ नये, मग दर कितीही कमी असो. "वास येणारे औषध जास्त चांगले" हा समज चुकीचा आहे. दुसरी भेट केव्हा, किती तास घराबाहेर राहायचे आणि माशांच्या टाकीचे काय करायचे, हे लेखी घ्यावे. पायरेथ्रॉइड गटातील औषधे माशांना आणि मांजरांना फार घातक असतात.

काम झाल्यावर घर मोकळे झाले, असे केव्हा समजावे?

ढेकणांच्या बाबतीत शेवटच्या फवारणीनंतर सलग आठ आठवडे नवा काळा ठिपका, कात किंवा चावा आढळला नाही, तर घर मोकळे झाले असे धरता येते. त्यासाठी या काळात पांढऱ्या चादरी वापराव्यात आणि गादीची शिवण दर रविवारी पाहावी. झुरळांसाठी रात्री उशिरा स्वयंपाकघराचा दिवा एकदम लावून ओट्यावर काय पळते ते पाहावे. वाळवीसाठी घर कायमचे मोकळे झाले, असे कधीच समजू नये. मे महिन्यात आणि पुन्हा दिवाळीच्या साफसफाईला सगळ्या चौकटी वाजवाव्यात आणि कपाटे भिंतीपासून ओढून त्यांच्या मागे मातीची रेघ नाही ना, ते पाहावे.